अंगठा लावा आजी

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्याकडे दरवर्षी एक काम निघतं, आई जिवंत आहे हे सरकारला कळवायचं. हयातीचा दाखला. आई झेडपीच्या शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होती, त्याची पेन्शन येते, आणि पेन्शन घेणारा माणूस अजून आहे का गेला हे वर्षातून एकदा बघायलाच हवं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पूर्वी फॉर्म असायचा, साहेबासमोर सही करायची, साहेब मान वर न करता शिक्का मारायचा, की पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जगायला मोकळे. २०१४ च्या नोव्हेंबरात हे डिजिटल झालं, जीवन प्रमाण असं झकास नाव आहे त्याचं. मशीनवर बोट ठेवायचं, ते आधारमधल्या बोटाशी जुळलं की तुम्ही आहात.

यंदा जुळलं नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, आजी जरा दाबून ठेवा. दाबून ठेवलं तर म्हणाला, एवढं नाही दाबायचं. मग दुसरं बोट, मग डावा हात, मग हात धुऊन या, मग केसांवरनं फिरवा बोट, तेलकट झालं की येतं कधीकधी. ही शेवटची युक्ती मला माहीत होती, रेशनच्या दुकानात बघितलेली, पॉस मशीनसमोर बायका बोट आधी कपाळाला नाहीतर नाकाच्या शेंड्याला घासतात आणि मग ठेवतात, लांबून बघणाऱ्याला वाटेल मशीनच्या पाया पडतायत. वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, आणि वीटभट्टीवर, बांधकामावर, धुण्याभांड्यांत राबलेल्या हातांच्या तर वय व्हायच्या आधीच पुसट होतात. म्हणजे ज्याला पाच किलो धान्याची खरी गरज आहे नेमकं त्याचंच बोट मशीनला दिसत नाही, आणि माझ्यासारखा, ज्याने आयुष्यभर कीबोर्ड सोडून काही बडवलं नाही, त्याचं पहिल्या झटक्यात लागतं.

तर आईचं सातव्यांदा लाल आलं तेव्हा रांगेत मागे उभे असलेले एक गृहस्थ पुढे आले, स्वतःच साठीचे असतील. म्हणाले, "अरे बाळा, ह्या आमच्या बाई आहेत. मला चौथीला होत्या. मी ओळखतो ना."

पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही ओळखून काय उपयोग. सर्व्हरने ओळखायला पाहिजे."

उद्धट नव्हता हो तो. खरंच सांगत होता बिचारा. त्याच्या स्क्रीनवर "इथला माणूस ओळखतो" असं बटणच नव्हतं, तो दाबणार काय.

मला जास्त लागलं ते वेगळंच. ह्याच बाईने नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानात संध्याकाळचे वर्ग घेतलेत, देवळात, कुणाच्या ओसरीवर, लाईट गेले तर कंदिलावर, आणि पन्नाशीच्या बायकांचा हात हातात धरून त्यांना नाव गिरवायला शिकवलंय. तिची स्वतःची आई, म्हणजे माझी आजी, १९५९ ला सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली त्यात सही शिकली. आजीचा किस्सा घरात अजून सांगतात, की सोसायटीत कर्ज काढायला गेली आणि कारकुनाने सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं तर आजीने ते परत सरकवलं आणि पेन मागितलं. अख्ख्या दोन पिढ्यांना आपण हेच शिकवलं की अंगठा लावणं ही लाजेची गोष्ट. अंगठेबहाद्दर ही शिवी होती आपल्याकडे. आणि आता वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सगळे रांगेने अंगठे लावतायत, ऑफिसात शिरताना लावतायत, सिम घेताना लावतायत, फोन उघडायला दिवसातनं शंभरदा लावतायत, आणि ह्याला प्रगती म्हणतात. बरं, म्हणोत. पण मग आजीला पॅड परत सरकवायला का लावलं होतं?

सहज शोधायला लागलो तर कळलं की अंगठा काही फार जुना नाहीच. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर लिहिता न येणाऱ्याची खूण असायची, पाटील नांगर काढायचा, शेटे तराजू काढायचा. माणूस कोण आहे ते नाही तर काय करतो ते त्या निशाणीत दिसायचं, आणि खाली साक्षीदारांची नावं, गोही म्हणायचे त्यांना. खूण खोटी असली तर साक्षीदाराची अब्रू जायची. अंगठा आला तो इंग्रजांबरोबर, आणि तो आला तोच मुळी संशयातून. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता (ज्याने युरेनस शोधला त्याचा नातू, आजोबांनी आकाशात बघितलं आणि नातवाने लोकांच्या बोटांकडे), त्याने रस्त्याच्या मालाचा ठेका दिला आणि करारावर ठेकेदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. कशाला? तर पुढे मागे हा माझा करारच नाही असं म्हणायची त्याची छाती होऊ नये म्हणून. घाबरवायला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे १८७७ ला त्याने ठसे कुणाचे घ्यायला सुरू केले माहितीये? पेन्शनवाल्यांचे. मेलेल्याच्या नावावर नातेवाईक पेन्शन उचलतात असा संशय होता. म्हणजे जे मी आत्ता नवीन तंत्रज्ञान म्हणून बघत होतो ते जवळजवळ दीडशे वर्षांचं जुनं, फक्त शाईच्या जागी काच.

आता लगेच कुणी म्हणेल की जुना काळ फार सोन्याचा होता असं तुमचं म्हणणं दिसतंय. अजिबात नाही. साक्षीदार सावकाराच्याच ओसरीवर बसणारा असायचा, निशाणी पन्नासच्या रोख्यावर करून घ्यायची आणि आकडा पाचशेचा, हे आपल्या भागात इतकं झालं की १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जरोखे जाळले. त्यांनी आधी कागद जाळले ह्यातच सगळं आलं. ओळखीचा माणूस ओळखीच्या माणसाला बुडवतो तेव्हा मशीन बरं वाटतं, हे मला मान्य आहे. रेशनमधली खोटी कार्डं, कागदावरची पोरं, मेलेल्यांची पेन्शन, हे सगळं आपल्याच लोकांनी केलं, मंगळावरच्यांनी नाही.

फक्त एवढंच की बुडवणारा वर असतो आणि अंगठा मात्र खालच्याला लावावा लागतो. कोट्यवधींचं कर्ज बुडवून विमानात बसणाऱ्याला कुणी म्हटलं का, साहेब, बोट जुळत नाही, केसांवरनं फिरवून आणा.

आधारचा पहिला नंबर दिला तोही आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला, आदिवासी पाड्यावर खुद्द पंतप्रधान आले होते. तेव्हा विरोधात बसून ह्या योजनेला नावं ठेवणारे पुढे सत्तेत आले आणि त्यांनी ती दुप्पट जोमाने चालवली, आणि ज्यांनी आणली होती ते विरोधात जाऊन तिच्यातले दोष सांगू लागले. मला ह्याचं आता आश्चर्य वाटत नाही. मशीन कुणाचंही असो, ते हातात असलं की आवडतं. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बँक खात्याला आणि सिमला आधारची सक्ती करता येणार नाही, आणि आजही कुठल्याही काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो आधार आणलंय का, आणि आपणही निमूट काढून देतो कारण मागे रांग असते आणि घरी गॅसवर काहीतरी असतं. कोर्ट दिल्लीत आहे, रांग इथे आहे.

गंमत म्हणजे जिथे एवढं मोठं सरकार निवडायचं तिथे मात्र बोट जुळवत नाहीत. मतदानाला बोट लागतं ते शाई लावायला, १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातनं येते ती शाई. आणि तुम्ही तुम्हीच आहात का हे कोण बघतं? तर ओळखपत्र, यादी आणि बूथमध्ये बाकावर बसलेली गावातली चार माणसं, वेगवेगळ्या पक्षांची. एखादा भलताच माणूस आला तर त्यातला कुणीही दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो, चॅलेंज व्होट म्हणतात त्याला. दोन रुपये! चहासुद्धा येत नाही आता. पण मला ते फार आवडतं, की एवढ्या मोठ्या देशात अजून एका ठिकाणी तरी "ह्याला मी ओळखतो" किंवा "हा तो नव्हे" ह्या वाक्याला काहीतरी किंमत आहे, भले दोन रुपये.

असो. अंगठा दाखवणे म्हणजे आपल्याकडे फसवणे, आणि हल्ली व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला की होकार, त्यामुळे आईच्या पिढीला कुणी अंगठा पाठवला की त्याला हो समजायचं का नाही ह्यावर फोन करून खात्री करून घेतात.

आमचं काम शेवटी झालं. पोरगा म्हणाला चेहऱ्यानेही होतं आता, आणि मोबाईल आईच्या तोंडासमोर धरून म्हणाला, "आजी, डोळ्यांची उघडझाप करा." दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, आयुष्यभर वर्गावर डोळे वटारलेली बाई ती, तिला उघडझाप म्हणजे नेमकी किती हेच कळेना. उजेड कमी पडतोय म्हणून दारात नेलं, रस्त्यावरचे लोक बघायला लागले, चौथीवाले काका पिशवी घेऊन बाजूला उभे राहिले आणि उगाचच स्वतःचे डोळे मिचकावत होते, मदत म्हणून. एकदाचं हिरवं आलं. प्रिंट निघाली.

आईने पर्समधनं पेन काढलं. "सही कुठे करू?"

"सही नाही लागत आजी."

"अशी कशी नाही लागत," म्हणाली, आणि कागद काउंटरवर ठेवून खाली मोकळी जागा होती तिथे सही केली, पूर्ण नाव, वर शिरोरेघ, खाली तारीख. मग पोराकडे सरकवला. त्याने तो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि परत तिच्याकडे सरकवला.

"हा तुमच्याकडेच ठेवायचाय आजी."