वेचणीचे दिवस आणि बर्फाचा हंगाम

मे महिना, दर्यापूर तालुका

स्नोबोर्डिंगमध्ये, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला (बोर्डाला) बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याच्या खेळात, करिअर करायचं म्हटलं की गावाकडच्या पोरांना पहिली अडचण पैशाची वाटते. पैसा लागतोच, पण त्याच्याही आधी आडवं येतं ते शेतीचं वेळापत्रक. गुलमर्गला बर्फ साधारण डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत चालतो. तेव्हा आपल्याकडे कापसाची वेचणी असते, तूर सोंगायला येते, मागोमाग हरभरा. न्यूझीलंडला ऋतू उलटे, तिथला हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पेरणी-डवरणी-निंदणाचा. वावरात माणूस हवा असतो नेमका तेव्हाच दोन्हीकडे बर्फ असतो. या खेळात माणूस पुढे सरकतो तो बर्फावर काढलेल्या दिवसांनी. म्हणून घरात आधी बोलायचं ते हेच, की जानेवारी-फेब्रुवारीत वेचणीच्या बाया आणि मापाचा हिशोब कोण बघेल.

शिकायला गुलमर्ग, उत्तराखंडातलं औली आणि मनालीजवळचं सोलंग. सरकारी संस्थांचे कोर्स परवडतात, पण बरेचसे स्कीइंगचे असतात. अर्ज भरण्याआधी स्नोबोर्डची बॅच आहे का, हे फोन करून विचारावं.

स्पर्धेचं म्हणाल तर स्नोबोर्डिंग ऑलिम्पिकमध्ये १९९८च्या नागानोपासून आहे, आणि खेलो इंडियाचे हिवाळी खेळ २०२० साली सुरू झाले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला एफआयएसची (आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाची) नोंदणी लागते आणि ती राष्ट्रीय महासंघामार्फतच होते. हाफपाइप (बर्फाच्या अर्धगोल खाचेतल्या उड्या), स्लोपस्टाइल (उंचवटे आणि कठड्यांवरच्या कसरती) हे प्रकार लहानपणापासून बर्फाच्या तयार पार्कवर खेळणाऱ्यांचे. विशीत पहिल्यांदा बोर्ड बांधणाऱ्या आपल्या पोरांनी पोटापाण्यासाठी प्रशिक्षकाची वाट धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅनडाची कासी, ब्रिटनची बासी, न्यूझीलंडची एनझेडएसआयए या प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची लेव्हल १ परीक्षा पास केली की नवशिक्यांना शिकवता येतं. परीक्षा इंग्रजीत असते आणि तीत आपलं कौशल्य जेवढं बघतात तेवढंच दुसऱ्याची चूक ओळखता येते का हेही बघतात. तेव्हा इंग्रजी बोलण्याची तयारी गावातच सुरू करावी.

पहिला खर्च बोर्डावर नको, बुटांवर करावा. बोर्ड भाड्याने मिळतो, भाड्याचा ढिला बूट मात्र सगळं शिकणं नासवतो. बूट बांधून सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की थोडा मागे यावा. टाच उचलली जात असेल तर तो बूट नको. बायंडिंगचा (बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पकडीचा) कोन सुरुवातीला पुढच्या पायाला अधिक १५ अंश, मागच्याला उणे ६ ते ९ ठेवावा; अधिक म्हणजे बोटं बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळलेली, उणे म्हणजे मागच्या टोकाकडे.

नवशिक्या आपटतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. उताराला आडवं घसरताना बोर्डाची वरची, डोंगराकडची कड बर्फात रुतलेली हवी. बोर्ड सपाट पडला की उताराकडची कड बर्फात घुसते. डवऱ्याचं पातं मुळीत अडकावं तसा बोर्ड जागीच थांबतो आणि अंग पुढे फेकलं जातं. माणूस घाबरून हात टेकवतो आणि मनगट मोडतं. म्हणून मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट पहिल्या दिवसापासून. पुढे पडताना मुठी मिटून कोपर ते मनगट या भागावर झेलावं. मागे पडत असाल तर हनुवटी छातीला लावून बुडावर बसावं. आधी टाचेच्या कडेवर आडवं घसरणं, मग बोटांच्या कडेवर, मग डावी-उजवी तिरकी घसरण, आणि शेवटी वळणं जोडणं. हा क्रम मोडू नये.

गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा जवळपास ४,००० मीटरवर सोडतो. तिथे श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ६० टक्के. आपलं गाव तीनशे मीटरवर. पहिले दोन-तीन दिवस खालच्याच उतारांवर काढावेत. वर आखलेल्या वाटेबाहेर जायचं तर बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं अंगावर हवं, ते वापरता येणारा जोडीदार सोबत हवा. हिमस्खलनात गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते.

उन्हाळ्यात घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणि त्यावर जाड प्लायची अडीच फुटी फळी, एवढ्यात तोल साधायचा सराव होतो. फरशीवर पाइप सटकतो, म्हणून सुरुवातीला खाली बोरा अंथरावा. फळीवर आडवं उभं राहायचं, नजर खांद्यावरून पुढच्या पायाच्या दिशेला. जोडीला बैठका आणि एका पायावर टाच उचलणं. बोटांच्या कडेवर पोटरीच आधी थकते.

स्वतःचा बोर्ड असेल तर टिनाच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात बोर्डाचे थर धरून ठेवणारं इपॉक्सी कमजोर पडतं. तळ पुसून, कडा कोरड्या करून, इस्त्रीने मेणाचा जाड थर द्यावा. इस्त्रीतून धूर निघाला की ती जास्त तापली, तळ जळतो. मेण कडांवरही ओघळू द्यावं आणि खरवडू नये, म्हणजे पावसाळ्यात कडा गंजत नाहीत. बायंडिंगचे स्क्रूही ढिले करावेत, नाहीतर सतत ताण राहून तळाला त्या जागी खळगे पडतात.