फायदा 31 लाख, आणि पगाराला पैसे नाहीत

मी बँकेत क्रेडिटला, म्हणजे कर्जाचे अर्ज तपासायला आहे, कोल्हापुरात. दिवसभर ताळेबंद वाचायचे, रेशो काढायचे, नोट लिहायची, वरून क्वेरी आली की परत तीच नोट लिहायची. बहुतेक केसेस महिन्याभरात डोक्यातून जातात. मागच्या जुलैतली ही एक काही गेली नाही.

शिरोली एमआयडीसीतलं मशीन शॉप. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, मशीनिंग करायचं, पुण्याच्या मोठ्या कंपनीला द्यायचं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. त्यांना नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायचं होतं, 48 लाखांचं, त्यासाठी टर्म लोनचा प्रपोजल. कागद एकदम झकास होते. विक्री 4 कोटी 20 लाखांवरून थेट 6 कोटी. नफा कर वजा जाता 31 लाख. एबिटा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई, 87 लाख, विक्रीच्या साडेचौदा टक्के, जॉबशॉपला हे चांगलंच म्हणायचं. डीएससीआर 1.64, म्हणजे वर्षाला जेवढा हप्ता आणि व्याज भरायचंय त्याच्या दीडपटीहून जास्त कमाई, आमच्याकडे सव्वाच्या वर गेलं की मॅनेजर हसायला लागतात. आणि करंट रेशो, म्हणजे वर्षभरातल्या देण्याच्या किती पट येणं, स्टॉक आणि रोख आहे तो आकडा, 1.08 वरून 1.48! मॅनेजर म्हणाले, "अगं यात काय बघायचंय, व्हिजिट करून ये आणि नोट टाक."

व्हिजिटला गेले तेव्हा तारीख होती 12. पाऊस नुसता कोसळत होता, शेडच्या दारात सीआय बोरिंगचा (बिडाच्या किसाचा) ढीग भिजून लाल झालेला, आत कूलंटचा तो ठरावीक वास. ऑफिसात बसून चहा घेत होतो तर एक ऑपरेटर दारात आला, माझ्याकडे बघून थबकला आणि मग हळूच म्हणाला, "अण्णा, राहिलेला अर्धा पगार कधी हुतोय?" अण्णांनी हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे बघून उगाच हसले.

12 तारीख आणि पगार अर्धा. विक्री दीडपटीच्या जवळ गेलेली, नफा 31 लाख.

मी फाईल परत उघडली. अकाउंटंट पोराला म्हटलं, डेटर्सची, म्हणजे ज्यांच्याकडून पैसे यायचेत त्यांची, यादी काढ, नुसती बेरीज नको, कुठलं बिल किती दिवसांचं आहे ते पाहिजे. पोराने असं कधी काढलंच नव्हतं. दीड तास लागला, तेवढ्यात मी वहीत उभी-आडवी आकडेमोड करत बसले. मागच्या मार्चला येणं 70 लाख होतं, यंदाच्या मार्चला 1 कोटी 80 लाख. विक्रीशी भागून दिवस काढले तर 61 दिवसांचे 110 झालेत! म्हणजे माल गेल्यावर पैसा यायला पावणेचार महिने, आणि कास्टिंगवाला, लाईट बिल, पगार, हे कुणी पावणेचार महिने थांबत नाही.

मग कॅश फ्लो मांडला. नफा 31, त्यात घसारा 24 मिळवा कारण तो काही खिशातून जात नाही, झाले 55 लाख. पण डेटर्समध्ये 1 कोटी 10 लाख जास्तीचे अडकले, स्टॉकमध्ये 17, आणि पुरवठादारांकडून उधारी वाढली फक्त 8 लाखांनी. 55 मधून 119 गेले. उणे 64 लाख. 31 लाख कमावणाऱ्या धंद्याने वर्षभरात 64 लाख रोख गिळली, वर जुन्या लोनचे 28 लाखांचे हप्ते वेगळेच. मग एवढं सगळं चाललं कशावर? सीसीचा, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्याचा, वापर 32 लाखांवरून 75 वर गेलेला, ते दिसत होतं. उरलेलं? ताळेबंदात खाली एक ओळ असते, अनसिक्युअर्ड लोन्स, नातेवाईकांकडून. ती 43 लाखांनी वाढली होती, म्हणजे उरलेल्यातलं बहुतेक तिथूनच.

"अण्णा, हे 43 लाख कुणाचे?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंडळींचं सोनं ठेवलंय. थोरल्या भावानं पेठवडगावचा प्लॉट विकला, त्यातलं बाकीचं." आणि लगेच, "पण मॅडम, तुमच्याच कागदावर फायदा दिसतोय न्हवं? मग पैसा गेला कुठं? सीएला इच्यारलं तर तो म्हणतो टॅक्स भरा."

इथे मला त्या करंट रेशोचा राग आला, खरंच. गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणून येणं फुगलं, येणं फुगलं म्हणून चालू मालमत्ता वाढली, आणि त्यामुळे रेशो सुधारला! आजारी माणसाला सूज आलीय आणि आम्ही म्हणतोय वजन वाढलं, तब्येत झाली.

यादी आली. 1.80 कोटीतले 74 लाख 90 दिवसांच्या पुढचे. आमच्याकडे 90 दिवसांवरचं येणं डीपीला (ड्रॉइंग पॉवर, स्टॉक आणि येण्यावर सीसीतून किती उचलता येतं तो आकडा) धरत नाहीत. पण हे लोक दर महिन्याला बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये सगळं एकगठ्ठा 90 च्या आत दाखवत होते, मुद्दाम नाही, त्या पोराला रकान्याचा अर्थच माहीत नव्हता (आणि आमच्याकडेही कुणी विचारलं नाही, हे पण लिहायलाच पाहिजे). मार्चला सीसी लिमिट 80 लाख, वापर 75, आणि मार्जिन, म्हणजे मालकाचा स्वतःचा हिस्सा, वजा करून खरी डीपी निघाली 67 च्या आत. म्हणजे खातं कागदावर ठणठणीत, खरं पाहिलं तर ओव्हरड्रॉन.

मशीनचा हिशोब कन्सल्टंटने दिलेला. 48 लाख घाला, वर्षाला 15 लाख रोख सुटेल, पाचव्या वर्षी मशीन 8 लाखांना विका. आयआरआर, म्हणजे घातलेल्या पैशावर वर्षाला सुटणारा परतावा, 20 टक्के, सव्वातीन वर्षांत पैसे वसूल. 12 टक्क्यांनी एनपीव्ही, म्हणजे पुढे येणारे पैसे आजच्या किमतीत आणून त्यातून घातलेले वजा केले तर, साडेदहा लाख अधिक. आकडेमोड बरोबर होती, मी तपासली. फक्त मशीनमुळे वाढणारी 90 लाखांची विक्री जणू रोखीने होणार असं धरलेलं. 110 दिवसांनी धरा, 27 लाख पहिल्याच वर्षी येण्यात अडकतात, ते सुटणार शेवटी. म्हणजे 48 नाही, 75 लाख घालायचे. आयआरआर आला साडेअकरा आणि एनपीव्ही एक लाखाने उणे. तेच मशीन, तोच माल, फक्त पैसे 45 दिवसांत येतील असं धरलं तर साडेपंधराच्या आसपास आणि एनपीव्ही पावणेसहा लाख अधिक.

अण्णांना आयआरआर वगैरे सांगत बसले नाही. म्हटलं, हे मशीन घेतलं की अजून 27 लाख त्या कंपनीला बिनव्याजी वापरायला द्यायचेत, कुठनं आणणार, आता तर सोनं पण राहिलं नाही.

"45 दिवसांचा कायदा हाय की," अण्णा म्हणाले. माहीत होतं त्यांना सगळं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यायचं, पीओवर (ऑर्डरच्या कागदावर) 60 लिहिलं असलं तरी. आणि 2024-25 च्या असेसमेंट वर्षापासून आयकराचं 43बी(एच) कलम लागू झालंय, मुदतीत दिलं नाही तर त्या खर्चाची वजावट कंपनीला पैसे देईल त्याच वर्षी मिळते. "पण मॅडम, 58 टक्के माल त्येंच्याकडं जातो. कायदा दाखवला तर पुढची ऑर्डर गोकुळ शिरगावात जाईल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्यमचा, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग नोंदणीचा, नंबर सुद्धा बिलावर छापलेला नव्हता, वाईट दिसेल म्हणून!

ट्रेड्सचं बोललो, छोट्या उद्योगांच्या बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवायचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म. कंपनीने प्लॅटफॉर्मवर बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, यांना दोनेक दिवसांत पैसे, कंपनी मुदतीला बँकेला देणार, आणि तिने बुडवलं तरी यांच्याकडे कुणी मागायला येत नाही. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना मार्च 2025 पर्यंत नोंदणी सक्तीची होती. पण नोंदणी सक्तीची, बिल मान्य करणं नाही, तिथेच सगळी मेख आहे.

नोटमध्ये लिहिलं, मशीन आत्ता नको, आधी येणं 75 दिवसांच्या आत आणा. मॅनेजर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. अण्णा तर फोनवर सरळ म्हणाले, "तुमास्नी बोलवून मीच चूक केली." दुरुस्त स्टॉक स्टेटमेंट गेल्यावर डीपी कमी झाली, त्यामुळे तर जास्तच तापले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तापले असते.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, फोन आला. कंपनीच्या परचेसवाल्याकडे चार फेऱ्या मारून ट्रेड्सवर पहिलं बिल मान्य झालं होतं, 11 लाखांचं, पैसे खात्यात. अभिनंदन म्हणायला मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "आता त्ये मशीनचं गणित परत मांडा की. ह्या टायमाला 45 धरून."

मी म्हटलं, एकाच बिलावर नाही हो अण्णा, निदान सहा महिन्यांची यादी पाठवा.

"पाठवतो," म्हणाले, "पोराला रकाना कळलाय आता."