एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ वरून २०१९ वर जाताना बॅकअपमध्ये न येणाऱ्या गोष्टी

मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर या आपल्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या २००८ आणि २००८ आर२ या आवृत्त्यांचा विस्तारित सपोर्ट ९ जुलै २०१९ रोजी बंद केला आणि ज्यावर ते बहुतेक ठिकाणी चालतात त्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी बंद केला. त्यानंतर इतकी वर्षे उलटूनही मला हे सर्व्हर लहान कारखान्यांत, पतसंस्थांत आणि वितरकांच्या कार्यालयांत नियमित भेटतात, कारण ते बिनतक्रार चालू असतात आणि चालू असलेल्या गोष्टीला हात लावायची जबाबदारी कोणालाच नको असते. मग एखाद्या वर्षी ऑडिटमध्ये शेरा येतो, किंवा त्या यंत्राची डिस्क बाजारात मिळेनाशी होते, आणि ‘डेटाबेस नव्या सर्व्हरवर टाकून द्या’ एवढ्या एका वाक्यात काम सोपवले जाते. एसक्यूएल सर्व्हर २०१९ ला किमान विंडोज सर्व्हर २०१६ लागत असल्यामुळे जुन्याच यंत्रावर आवृत्ती वाढवण्याचा मार्ग येथे मुळातच बंद असतो. नवे यंत्र उभे करून त्यावर डेटाबेस नेणे हाच पर्याय उरतो, आणि मला विचाराल तर तोच बरा पर्याय आहे.

खुद्द डेटा हलवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. २००८ आर२ चा बॅकअप २०१९ वर थेट रिस्टोअर होतो आणि त्या वेळी इंजिन डेटाबेसची अंतर्गत रचना ६६१ या क्रमांकावरून ९०४ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत असल्याचे संदेश पडद्यावर दिसतात. हे रूपांतर बहुतांशी मेटाडेटाचे असल्याने डेटाबेस मोठा असला तरी त्याला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो फाइल इकडून तिकडे नेण्यात. म्हणून डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये जपणाऱ्या पद्धतीत, असेल तर पूर्ण बॅकअप आदल्या दिवशीच नव्या सर्व्हरवर ‘नोरिकव्हरी’ स्थितीत, म्हणजे पुढचे लॉग चढवता यावेत म्हणून न उघडता, रिस्टोअर करून ठेवावा, त्यावर लॉग बॅकअप चढवत राहावे आणि प्रत्यक्ष बदलाच्या वेळी फक्त शेवटचा, म्हणजे टेल लॉग, तेवढा घ्यावा. तो लॉगही ‘नोरिकव्हरी’सह घेतला की जुना डेटाबेस रिस्टोअरिंग अवस्थेत जातो आणि कोणी विसरून जुन्यावर नोंद करण्याची शक्यता संपते. मधल्या काळात नव्या सर्व्हरवरचा डेटाबेस वाचण्यासाठी उघडावा असा मोह होतो, पण दोन वेगळ्या आवृत्त्यांमध्ये ‘स्टँडबाय’ चालत नाही, कारण रचना वाढवल्याशिवाय तो डेटाबेस उघडताच येत नाही आणि एकदा ती वाढवली की जुने लॉग त्यावर चढत नाहीत.

खरी गफलत होते ती बॅकअप म्हणजे सर्व काही असे समजण्यात. लॉगिन मास्टर या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात, जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे, त्यांची वेळापत्रके आणि डेटाबेस मेलची मांडणी एमएसडीबी या दुसऱ्या सिस्टम डेटाबेसमध्ये असते, लिंक्ड सर्व्हरची, म्हणजे बाहेरच्या डेटाशी केलेल्या जोडणीची, व्याख्या पुन्हा मास्टरमध्ये असते, आणि यांपैकी काहीही तुमच्या हिशेबाच्या डेटाबेसच्या बॅकअपमधून येत नाही. लॉगिनचेच उदाहरण पाहू. अर्ज, म्हणजे डेटाबेस वापरणारे ॲप्लिकेशन, ‘हिशेब’ या नावाच्या एसक्यूएल लॉगिनने जोडला जातो असे समजा. डेटाबेसमधल्या ‘हिशेब’ या यूजरचे सर्व्हरवरच्या लॉगिनशी असलेले नाते नावावर ठरत नाही, ते एसआयडी या अंतर्गत ओळख-क्रमांकावर ठरते. नव्या सर्व्हरवर हाताने त्याच नावाचे आणि त्याच पासवर्डचे लॉगिन तयार केले तर त्याला नवा एसआयडी मिळतो. लॉगिन होते, पण डेटाबेस उघडत नाही, आणि डेटाबेसमध्ये यूजर मात्र नावासकट समोर दिसत असतो. अशा वेळी घाईघाईने त्या लॉगिनला सिसॲडमिनचे अधिकार देऊन मोकळे होणारे मी पाहिले आहेत. तक्रार थांबते खरी, पण बिले छापणाऱ्या अर्जाच्या हाती संपूर्ण सर्व्हरच्या किल्ल्या जातात. योग्य मार्ग असा, की जुन्या सर्व्हरवरून लॉगिन तयार करण्याची स्क्रिप्ट एसआयडी आणि पासवर्डचा हॅश (सर्व्हर साठवतो ते त्याचे सांकेतिक रूप) यांच्यासह काढावी. मायक्रोसॉफ्टची ‘एसपी हेल्प रेव्हलॉगिन’ ही प्रोसिजर नेमके हेच करते. २०१२ पासून पासवर्डच्या हॅशची पद्धत बदलली असली तरी जुना हॅश नवा सर्व्हर स्वीकारतो, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी ठेवलेला पासवर्ड आज कोणालाच आठवत नसला तरी काम अडत नाही. विंडोज डोमेनच्या लॉगिनना ही अडचण येत नाही, कारण त्यांचा एसआयडी डोमेनकडूनच येतो.

लिंक्ड सर्व्हरच्या बाबतीत एक वेगळी गोम आहे. २००८ आर२ अनेक ठिकाणी ३२-बिट बसवलेला असतो आणि त्यातून जेट प्रोव्हायडर या ड्रायव्हरच्या आधारे एक्सेलची किंवा ॲक्सेसची फाइल थेट वाचली जाते. २०१६ पासून एसक्यूएल सर्व्हर फक्त ६४-बिट असल्यामुळे तो प्रोव्हायडर तेथे मिळत नाही आणि त्याऐवजी एसीई (ACE) प्रोव्हायडर बसवून व्याख्या नव्याने करावी लागते. महिन्यातून एकदाच चालणारा एखादा जॉब असे काही वापरत असेल तर त्याचा पत्ता महिनाअखेरीसच लागतो.

कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम, हे मी नवा सर्व्हर बसवण्याआधीच तपासतो, कारण ते नंतर बदलायचे म्हणजे सिस्टम डेटाबेस पुन्हा बांधावे लागतात. बसवताना काहीच निवडले नाही तर सर्व्हरचे कोलेशन विंडोजच्या सिस्टम लोकेलवरून ठरते: इंग्रजी-भारत असेल तर एक, इंग्रजी-अमेरिका असेल तर दुसरे. जुना सर्व्हर कोणीतरी भारतीय लोकेलवर बसवलेला असतो आणि नवे व्हर्च्युअल मशीन अमेरिकी लोकेलच्या साच्यातून आलेले असते. रिस्टोअर झालेला डेटाबेस आपले जुने कोलेशन घेऊन येतो, टेम्पररी टेबले जेथे राहतात ती टेम्पडीबी मात्र नव्या सर्व्हरचे घेते, आणि ज्या प्रोसिजरमध्ये टेम्पररी टेबलच्या मजकुराच्या स्तंभाची मूळ टेबलाशी जोडणी केलेली असेल ती कोलेशनचा संघर्ष सोडवता येत नाही असे सांगून थांबते. दोन्हींची नावे आधी ताडून पाहिली की हा प्रश्न उद्भवतच नाही.

मराठी मजकूर असलेल्या डेटाबेसबद्दल येथेच सांगून टाकतो, कारण ‘नव्या सर्व्हरवर मराठी नीट दिसेल ना’ हा प्रश्न हमखास येतो. एनव्हारचार स्तंभातला युनिकोड मजकूर जसाच्या तसा येतो. व्हारचार स्तंभात जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली नावेही जशीच्या तशी येतात, म्हणजे त्या फॉन्टशिवाय ती पूर्वीइतकीच अगम्य राहतात. आणि क्वेरीत अवतरणापूर्वी ‘एन’ न लावल्यामुळे साठवतानाच ज्यांची प्रश्नचिन्हे झाली ती अक्षरे कायमची गेली. २०१९ मध्ये यूटीएफ-८ ची कोलेशने आली असली तरी ती गेलेली अक्षरे परत आणत नाहीत.

आता माझ्या मुख्य आग्रहाकडे येतो. सर्व्हर बदलणे आणि डेटाबेसची कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे इंजिनाने त्याच्याशी कोणत्या आवृत्तीसारखे वागायचे हे ठरवणारा क्रमांक, बदलणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि ती एकाच रात्री कधीही करू नयेत. २००८ आर२ ची लेव्हल १०० असते, २०१९ ची १५०. रिस्टोअरनंतर डेटाबेस १०० वरच राहतो आणि तो तेथेच राहू द्यावा. ‘नवा सर्व्हर घेतला तर नवी लेव्हल का नको’ असे म्हणत रिस्टोअरनंतर लगेच ती १५० करण्याची पद्धत सर्रास दिसते. सोमवारी सकाळी एखादा अहवाल रखडला, की दोष नव्या डिस्कचा, मेमरीच्या मर्यादेचा, नेटवर्कचा की लेव्हलचा, हे मग सांगता येत नाही.

लेव्हलमुळे एवढा काय फरक पडतो? २०१४ मध्ये, म्हणजे लेव्हल १२० पासून, किती ओळी हाती येतील याचा अंदाज बांधणारा भाग, ज्याला कार्डिनॅलिटी एस्टिमेटर म्हणतात, १९९८ च्या आवृत्ती ७.० नंतर प्रथमच मोठ्या प्रमाणावर बदलला. समजा ग्राहकांच्या टेबलात दहा लाख ओळी आहेत. त्यांपैकी दहा टक्के पुणे शहराच्या आहेत आणि एक टक्का ४११०३८ या पिनकोडच्या आहेत. शहर पुणे आणि पिनकोड ४११०३८ अशी क्वेरी केली, तर जुना एस्टिमेटर दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र मानून सरळ गुणाकार करतो आणि एक हजार ओळींचा अंदाज बांधतो. नवा एस्टिमेटर दोन अटींमध्ये काही नाते असेल असे धरून त्यांतल्या कमी काटेकोर, म्हणजे येथे शहराच्या, अटीच्या प्रमाणाचे वर्गमूळ घेतो आणि सुमारे ३,१६० ओळी अपेक्षितो. प्रत्यक्षात तो पिनकोड कोथरूडचा, म्हणजे सगळा पुण्यातलाच, असल्याने ओळी दहा हजार येतात. नवा अंदाज सत्याच्या अधिक जवळ आहे आणि बहुतेक क्वेरी त्यामुळे सुधारतातही, पण अंदाज बदलला की प्लॅन, म्हणजे क्वेरी चालवण्याचा मार्ग, बदलतो, टेबले जोडण्याच्या नेस्टेड लूप पद्धतीच्या जागी हॅश जॉइन येतो, अधिक मेमरी मागितली जाते, आणि जुन्या चुकीच्या अंदाजावरच वर्षानुवर्षे नीट बसलेल्या काही क्वेरी अचानक मंदावतात.

वेगाची तक्रार निदान कानावर येते. लेव्हल १३० चा दुसरा बदल काहीच न बोलता उत्तर बदलतो. डेटटाइम हा प्रकार सेकंदाचे तीनशे भाग करून वेळ साठवतो. ज्या वेळेच्या शेवटी ९९७ मिलिसेकंद दिसतात ती डेटटाइम२ मध्ये नेताना जुनी लेव्हल तिला ०.९९७०००० करते, तर १३० पासून ती ०.९९६६६६७ होते. पूर्वी रूपांतर करून डेटटाइम२ स्तंभात ठेवलेली वेळ आणि मूळ डेटटाइम स्तंभ यांची कोठे बरोबरीच्या चिन्हाने तुलना होत असेल, तर कालपर्यंत जुळणाऱ्या ओळी आज जुळत नाहीत आणि त्रुटीचा एकही संदेश येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: नव्या सर्व्हरवर लेव्हल १०० वर येताच क्वेरींचे प्लॅन आणि वेग नोंदवणारे क्वेरी स्टोअर चालू करावे, जे २०१६ पासून उपलब्ध आहे आणि २०१९ मध्ये आपण होऊन चालू होत नाही, निदान एक महिनाअखेर त्यात नोंदली जाऊ द्यावी, त्यानंतरच लेव्हल वाढवावी. मग जी क्वेरी बिघडेल तिचा जुना प्लॅन क्वेरी स्टोअरमधून सक्तीने लावता येतो आणि तिच्या दुरुस्तीला सवड मिळते. एकट्या एस्टिमेटरचाच त्रास असेल तर लेव्हल १५० ठेवून जुना एस्टिमेटर चालू ठेवण्याची सोयही डेटाबेसच्या पातळीवर आहे.

या सल्ल्याला एक मोठा अपवाद आहे. २००० सालच्या सर्व्हरवरून आलेले आणि २००८ आर२ वर लेव्हल ८० वर चालू ठेवलेले डेटाबेस अजूनही आढळतात, आणि २०१९ ला १०० च्या खालची लेव्हल मान्य नसल्यामुळे रिस्टोअर होताच ते १०० वर जातात. तारांकन आणि बरोबर ही चिन्हे जोडून लिहिलेले जुने आउटर जॉइन तेथे चालत नाहीत. शिवाय लेव्हल कोणतीही असली तरी काही गोष्टी इंजिनातूनच गेल्या आहेत: क्रमांक आणि लगेच संदेश अशा जुन्या ढंगाचे रेजएरर (त्रुटी कळवणारे विधान) २०१२ पासून बंद झाले, आणि ॲक्सेसमधून सर्व्हरवर चढवलेल्या डेटाबेसच्या ट्रिगरांत, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडात, ते हटकून सापडते. रिस्टोअरच्या वेळी प्रोसिजरचा आणि ट्रिगरचा मजकूर तपासला जात नाही, तो पहिल्यांदा चालेल तेव्हा अडखळतो. डेटा मायग्रेशन असिस्टंट हे मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे साधन, जे २०२५ मध्ये बंद झाले, यातले बरेच काही दाखवत असे, पण अर्जाच्या आत लिहिलेल्या क्वेरी त्याला आपसूक दिसत नसत. त्यांच्यासाठी जुन्या सर्व्हरवर ‘डेप्रिकेटेड फीचर्स’ नावाचे परफॉर्मन्स काउंटर पाहावे. सर्व्हर सुरू झाल्यापासून कोणती मोडीत निघणारी सोय किती वेळा वापरली गेली याचे आकडे ते देते.

बाकीची कामे सरळ आहेत: रिस्टोअरनंतर डेटाबेस शाबूत आहे का हे तपासणारी चेकडीबी ही आज्ञा डेटा प्युरिटीसह चालवणे, पेज व्हेरिफाय चेकसमवर आणणे, स्टॅटिस्टिक्स ताजी करणे. अर्ज सर्व्हरच्या नावाऐवजी डीएनएस टोपणनावाने जोडलेले असतील तर कटओव्हर, म्हणजे नव्या सर्व्हरवर प्रत्यक्ष वळणे, एका नोंदीत होतो. नसतील तर हीच ती सवय लावण्याची वेळ आहे. फार जुने ड्रायव्हर असलेली संगणके टीएलएस १.२ या जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीच्या अटीवर अडतात, तेव्हा गोदामातला कोपऱ्यातला संगणकही चाचणीच्या यादीत धरावा.

परत फिरण्याचा निर्णय पहिल्या काही तासांतच घ्यावा लागतो, कारण २०१९ चा बॅकअप २००८ आर२ वर रिस्टोअर होत नाही आणि नव्यावर दिवसभराच्या नोंदी झाल्या की जुन्याकडे जाणे म्हणजे त्या नोंदी एक्सपोर्ट करून हाताने भरणे. त्यानंतर जुना सर्व्हर केवळ पाहण्यापुरता उरतो. तो ‘असू दे’ म्हणून नेटवर्कवर चालू ठेवण्याचा आग्रह अनेक जण धरतात, मी तो मान्य करत नाही. त्याचा शेवटचा बॅकअप २०१९ वर केव्हाही वेगळ्या नावाने रिस्टोअर करून वाचता येतो, आणि ते एकदा करून दाखवले की यंत्र बंद करायला सहसा कोणाची हरकत राहत नाही.