पाणी टाकाची पाळी कोणाची?

बाबांनी नागपुरात कूलर बनवायला सुरुवात केली तेव्हा जाहिरात म्हणजे भिंतीवर रंगवलेलं दुकानाचं नाव आणि खाली "मजबूत व टिकाऊ", बस. पत्रा कापा, बॉडी वाकवा, मोटर बसवा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावा, होळी झाली की गिऱ्हाईक आपोआप दारात. मी धंद्यात आलो तेव्हाही तसंच चालू होतं, फक्त येणारे सगळे काका-काकू, पोट्टे दिसतच नव्हते. ते ऑनलाइन प्लास्टिकचा कूलर मागवायचे नाहीतर चार जण मिळून एसी भाड्याने घ्यायचे.

मी दोन सीझन "भव्य सूट"च्या पोस्ट टाकल्या, कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मग एकदा नंदनवनला तिसऱ्या मजल्यावर कूलर पोचवायला गेलो, इंजिनियरिंगची चार पोरं एका रूमवर, आणि कूलर अजून जिन्यातच होता तर यांचं भांडण सुरू की रात्री पाणी कोण टाकन. घरी आल्यावर तेच लिहून काढलं. फोटोत चार जण चादर ओढून झोपलेले, मधे कोरड्या टाकीचा कूलर, आणि वर ओळ: "झोपेचं सोंग नोको घेऊ बे, आज पाणी टाकाची पाळी कोणाची?" इन्स्टावर पोरं एकमेकांना टॅग करत सुटली, आठवडाभर दुकानात फोन येत होते, "भाऊ, पाळीवाला कूलर तुमचाच का?"

मग आम्ही प्रत्येक कूलरसोबत एक स्टिकर द्यायला लागलो, सोमवार ते रविवार, समोर नाव लिहायला रिकामी जागा.

हसवायचं कसं हे नागपूरच्या माणसाला बाहेरून शिकावं लागत नाही असं मला मनापासून वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे इडापिडा घालवायला मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, १८८० च्या दशकापासून निघतेय, आणि सोबतचे बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, महागाईवर, भ्रष्टाचारावर, जे जे लोकांना छळतं त्यावर टोले मारत जातात. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून इतवारीत ते पाहिलंय मी. इडापिडेला हसायचं, पीडा भोगणाऱ्याला नाही. आमच्या जाहिरातीतही टोला उन्हाला बसला पाहिजे.

हे मी एकदा विसरलो. कूलरचा आवाज बायकोपेक्षा कमी, अशी एक पोस्ट टाकली. दुपारी एका ताईंचा मेसेज आला, "दादा, मागच्या महिन्यात तुमच्याकडून कूलर मीच नेला ना, माझ्या पगारातून?" मला खरंच वाईट वाटलं. पोस्ट काढली, त्यांना फोन करून माफी मागितली.

सगळ्यात कामाची ठरली ती खिडकीची जाहिरात. एसीची सवय असलेली पोरं खिडक्या लावून कूलर चालवतात आणि मग "गार होत नाही, चिकचिक होते" म्हणून तक्रार. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून येते, पाणी उडतं, हवा गार होते, पण आतली दमट हवा बाहेर निघाली नाही तर काय उपयोग? हे दहादा समजावलं तरी डोक्यात शिरत नव्हतं. मग लिहिलं, "खिडकी उघड ना बाप्पा, कूलर हाय तो, फ्रीज नाही!" त्या सीझनला या तक्रारी निम्म्यावर आल्या.

पण करंटवर विनोद नाही, कधीच नाही. पत्र्याची बॉडी, भरलेलं पाणी आणि ढिली वायर, यानं विदर्भात उन्हाळ्यात जीव जातात, लहान लेकरंसुद्धा. आमच्या डिझाइन करणाऱ्या पोरानं शॉकवर एक मीम बनवून आणलं होतं, मी तिथंच थांबवलं. म्हणून त्याच पाळीच्या स्टिकरवर खाली लाल अक्षरात साधं लिहिलंय, अर्थिंग तपासा, आधी प्लग काढा, मग पाणी टाका. कूलर पोचवणारा आमचा माणूस ते मोठ्यानं वाचून दाखवतो आणि अर्थिंग नसलेल्या रूमवर कूलर सुरू न करता परत येतो, दुसऱ्या दिवशी वायरमन घेऊन जातो.