पडद्याच्या दोन्ही बाजूंना

आमच्या चाळीच्या चौकात पडदा समोरासमोरच्या दोन कठड्यांना सुतळीने ताणून बांधत. पुढे सतरंज्या, मागे नळाची मोरी. पुढची जागा दुपारपासूनच चटया टाकून अडवलेली असे, त्यामुळे आम्ही पोरं बहुतेक वेळा मागेच बसायचो. तिथून पाट्या उलट्या दिसायच्या, डफ वाजवणारा डावखुरा वाटायचा. गाणं मात्र दोन्ही बाजूंना सारखंच ऐकू यायचं.

गिरणगावातल्या इतर मंडळांसारखंच आमचं मंडळ. गणपतीच्या दहा दिवसांत नाटुकली, भजनं, वेशभूषा स्पर्धा, एखादा गाजलेला हिंदी सिनेमा, सगळं व्हायचं. पण एक रात्र मास्तरांची. मास्तर म्हणजे मंडळाचे चिटणीस, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे. वर्षातून एकदा तरी पडद्यावर आपलं गाणं आलं पाहिजे, आणि ते गाणारी माणसं कुठून आली तेही आलं पाहिजे, एवढा त्यांचा हट्ट होता. ही रात्र गौरी-विसर्जन झाल्यावर धरायची. कोकणातली मंडळी गणपतीला गावी जायची, ती तेव्हा परतायची. अर्धी चाळ रिकामी असताना हा सिनेमा लावणं मास्तरांना मंजूर नव्हतं.

मला नीट आठवणारी पहिली रात्र १९७४ची. सिनेमा प्रभातचा, १९३६चा ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात झालेला गौरव, हे सगळं मास्तरांनी आधी माईकवरून सांगितलं. मग विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले आणि पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर डोक्यावर ओढून हात जोडले.

मी त्या रात्री आजोबांना टेकून बसलो होतो. आजोबा वाई तालुक्यातून मुंबईला आलेले, गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आणि पाळी नसेल त्या एकादशीला भजनात पखवाजावर. पहिला अभंग सुरू झाला तसा त्यांचा उजवा हात माझ्या पाठीवर चालू लागला. बोटं आधी, मग तळवा, मग पुन्हा बोटं. पखवाज मी आधी पाहिला होता, ऐकला होता. ठेका कळला तो त्या रात्री, पाठीवर.

मशीन भाड्याचं आणि एकच, त्यामुळे रीळ संपलं की दुसरं चढेपर्यंत चौकातला दिवा लागायचा. ती पाच-दहा मिनिटं मला सिनेमाइतकीच प्रिय होती. त्या दिवशी दिवा लागला आणि वाद पेटला. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग किती गोड, असं भजनाचे बुवा म्हणाले. मास्तर हळूच म्हणाले, “बुवा, तो तुकोबांचा नाही. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिला. चाल केशवराव भोळ्यांची.”

बुवा उभेच राहिले. “माझा बाप म्हणायचा तो अभंग!”

“तुमच्या बाबांनी सिनेमा पाहिला असेल.”

“पाहिला होता. पायी गेले होते.”

दुसरं रीळ चढलं तरी बुवांचं समाधान झालं नव्हतं. पुढचे दोन दिवस गाथा उघडून बसले. तिसऱ्या दिवशी भजनाला आले आणि पहिला तोच अभंग घेतला. टाळ खाली ठेवल्यावर मास्तरांकडे वळून म्हणाले, “गाथेत नाही, खरं आहे. पण बापाने म्हटला, मी म्हटला, पांडुरंगासमोर म्हटला. आता आमचाच आहे तो.” मास्तरांनी वाकून नमस्कार केला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वारसा म्हणजे जुन्या पेटीतली वस्तू, ती सिनेमावाले काढून दाखवतात, असंच पुढे बरीच वर्षं सगळीकडे ऐकलं. मला ते कधी पुरतं पटलं नाही, कारण सिनेमाने वारशात घातलेली भर मी बुवांच्या तोंडून ऐकली होती.

पुढे दोनेक वर्षांनी व्ही. शांतारामांचा ‘अमर भूपाळी’ लागला. होनाजी बाळा हे एका माणसाचं नाव नाही, कवनं करणारा होनाजी आणि ती गाणारा बाळा करंजकर अशी ती जोडी, हे मला त्याच दिवशी समजलं. वसंत देसायांचं संगीत, आणि ध्वनिमुद्रणासाठी कानच्या महोत्सवात १९५२ साली नावाजलेला हा सिनेमा आम्ही ऐकला लोखंडी कर्ण्यातून, तरीही ‘घनश्याम सुंदरा’ सुरू होताच चौक गप्प झाला. तळमजल्यावर आमचे दूधवाले राहायचे, जातीने गवळी. होनाजी गवळी होता हे मास्तरांनी सांगितल्यावर ते दारातून उठून सतरंजीवर पुढे येऊन बसले. त्यांना पुढे बसलेलं मी त्या आधी पाहिलं नव्हतं.

पण मला जी रात्र खरोखर सांगायची आहे ती १९७९ची.

त्या वर्षी मास्तरांनी ‘सांगत्ये ऐका’ आणायचं ठरवलं. अनंत माने यांचा १९५९चा सिनेमा, हंसा वाडकर आणि जयश्री गडकर, वसंत पवारांचं संगीत, पुण्यात १३१ आठवडे चाललेला. मंडळाच्या बैठकीत कुरबुर झाली. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला जाऊन आलेले बाप्येच म्हणू लागले की गणपतीपुढे तमाशाचा सिनेमा बरा नव्हे, लेकीसुना बसतात. मास्तरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तमाशात पहिलं काय होतं?” कुणीतरी म्हणालं, गण. “गण म्हणजे कुणाचं स्तवन?” मग कुणी काही बोललं नाही. सिनेमा ठरला.

पहिल्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत एक मावशी राहायच्या. खाणावळ चालवायच्या, आठ-दहा गिरणीवाले त्यांच्याकडे जेवायचे. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. त्या रात्री त्या पडद्याच्या मागच्या बाजूला, आमच्यात, मोरीच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. ‘बुगडी माझी सांडली गं’ सुरू झालं. पोरं शिट्ट्या मारायच्या बेतात होती. मी मावशींकडे पाहिलं. लुगड्याखाली त्यांची टाच जमिनीवर पडत होती. आवाज नाही, नुसती टाच, आणि ढोलकी तोडा घ्यायच्या आधीच टाच थांबायची. तोडा येणार हे त्यांना आधी ठाऊक होतं.

रीळ संपलं, दिवा लागला. माझी आजी तिथंच होती. तिने विचारलं, “बाई, तुम्हाला येतं?”

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आई होती फडात. नारायणगावाकडं.”

एवढंच. चाळीत बावीस वर्षं राहून हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता मोठेपणी मला त्यामागची भीती कळते. खाणावळीवर पोट होतं, आणि ज्या हातांनी त्या जेवू घालायच्या ते हात फडातल्या बाईच्या लेकीचे, हे कळल्यावर कोण कसं बोलेल याचा भरवसा नव्हता. आजीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “दाखवा की.” आम्हाला वाटलं त्या नाचून दाखवतील. त्या जिना चढून वर गेल्या आणि जुन्या पातळात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आल्या. आईचे चाळ. जाड पट्ट्यावर ओवलेल्या घुंगरांच्या रांगा, काही घुंगरं काळवंडलेली, एका पायाच्या चाळातली मधली रांग तुटून सुतळीने जोडलेली. मला हातात धरायला दिले. ते इतके जड होते की मी दुसरा हात लावला. दोन्ही पायांत एवढं ओझं बांधून रात्रभर उभं राहायचं, आणि हसत राहायचं! पडद्यावरच्या जयश्री गडकरांच्या पायात काय आहे हे मला तेव्हा कळलं.

पुढचं रीळ चढवायला मशीनवाल्या काकांनी त्या दिवशी मुद्दाम वेळ लावला, असं मला अजूनही वाटतं. मावशींना घेरून बायका बसल्या होत्या. कुणीतरी गौळण म्हण म्हटलं, आणि मावशींनी दोन ओळी म्हटल्या, पडक्या आवाजात पण सुरात. गणपतीपुढे. ज्यांनी बैठकीत कुरबुर केली होती त्यातले एक काका उठले आणि मावशींना पुढच्या सतरंजीवर जागा करून दिली. पुढच्या वर्षापासून ती जागा त्यांचीच.

त्याच रात्रीमुळे आमच्या घरात एक कॅसेट आहे. शेजारच्या काकांनी दुबईहून टेपरेकॉर्डर आणला होता. मावशींचं बघून आजीच्या मनात आलं असावं, कारण काही महिन्यांनी, १९८०च्या उन्हाळ्यात, ती आपणहून म्हणाली, माझ्या जात्यावरच्या ओव्या भरून घ्या. जातं गावी राहिलं होतं. तिने पाटा पुढे ओढला, त्यावर हात गोल फिरवायला सुरुवात केली आणि मग तिला शब्द आठवत गेले. हात थांबला की ओवी थांबायची. मी माईक धरून बसलो होतो, चौदा वर्षांचा. तिच्या आईची ओवी, सासूची ओवी, मेलेल्या भावाची ओवी, तासभर.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षी मशीनच्या भाड्याची गोष्ट कुणी काढली नाही. पडदा मात्र बांधला. का बांधला कुणी विचारलं नाही. त्या कोऱ्या पडद्यापुढे बसून बुवांनी भजन केलं, कोकणातल्या मंडळींनी जाखडी नाच केला. नंतरच्या वर्षांत माणसं गावी परतली, खोल्या विकल्या गेल्या. व्हिडिओ आला तेव्हा पडद्याच्या जागी दोन टीव्ही ठेवले जायचे. त्या काळाबद्दल मला फारसं लिहावंसं वाटत नाही. टीव्हीला मागची बाजू नसते, आणि रीळ बदलायची सुटीही नसते. २०००च्या ध्वनी नियमांनंतर रात्री दहाला कर्णा बंद करावा लागू लागला, तेव्हा कार्यक्रम संध्याकाळी सातला आला.

मास्तरांची रात्र मात्र मंडळाने सोडली नाही. चाळीच्या जागी आता इमारत आहे. ‘बालगंधर्व’ झाला, ‘कट्यार काळजात घुसली’ झाला. २०२२ साली आम्ही ‘मी वसंतराव’ दाखवला. वसंतराव देशपांडे १९८३ साली गेले तेव्हा त्यांचा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता. तोच नातू पडद्यावर आजोबा होऊन गात होता, आणि तेच आजोबा लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होते. साळखात्यातला पखवाजी आणि हिशेब खात्यातला गवई यांची बरोबरी मी करत नाही. पण तो नातू गाताना माझी पाठ ताठ झाली, जणू कुणी त्यावर हात ठेवणार आहे.

२०२३ हे शाहीर साबळे यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. त्यांच्या मुलीचा मुलगा केदार शिंदे यांनी केलेला ‘महाराष्ट्र शाहीर’ आम्ही लावला. त्यात शाहिरांच्या पत्नी भानुमतीबाईंचं काम केदार यांच्या मुलीने, सनाने केलं आहे, म्हणजे पणतीने पणजीचं. शाहिरांचं पसरणी हे आमच्या आजोबांच्याच तालुक्यातलं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ त्याच वर्षी राज्यगीत झालेलं, त्यामुळे ते सुरू झाल्याबरोबर लोक उभे राहिले. मला बसल्या बसल्या आजीची कॅसेट ठेवलेलं घरातलं कपाट आठवत होतं.

सिनेमा साडेनऊला संपला. दहाला अजून अर्धा तास होता. मी आदल्या आठवड्यात ती कॅसेट मोबाईलवर उतरवून घेतली होती. मंडळाच्या पोरांना विचारलं, त्यांनी वायर जोडून दिली. पडद्यावर काहीच नव्हतं, निळा उजेड. आणि स्पीकरमधून आजी. पाट्यावर फिरणाऱ्या हाताचा खरखर आवाज, मग ओवी. बरेच जण निघाले होते ते थांबले. मावशींची नात आता नालासोपाऱ्याला असते, दरवर्षी या एका रात्रीला येते. ती ते घुंगरांचे चाळ घेऊन आली होती. तिने ते मांडीवर ठेवले होते.

सातव्या का आठव्या ओवीच्या मध्येच लांबून एक सूर येतो, चढत जाणारा. आजी थांबत नाही, तिच्या कानाला तो रोजचाच. माझ्या शेजारी दुसऱ्या मजल्यावरचा लहान मुलगा बसला होता. त्याने मला ढोसलं.

“काका, मागे ते कोणतं वाद्य आहे?”

“भोंगा,” मी म्हटलं. “गिरणीचा. तिसरी पाळी सुटली.”

“परत लावा ना ते,” तो म्हणाला, आणि मी पट्टी मागे सरकवली.