आमची वाटचाल : पडवीतल्या मशीनपासून दुरुस्तीच्या टेबलापर्यंत

आमचं घर सुतारांचं. कुडाळजवळच्या गावात बाबा देव्हारे करायचे, सागवानाचे नि फणसाचे. महिरप, वेलबुट्टी, कमळ, सगळं पटाशीने. 2018 साली मी पडवीत एक छोटं सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन, आणून बसवलं. टेबल जेमतेम 30 बाय 18 सेंटिमीटरचं. नावाच्या पाट्या मशीनवर करायच्या आणि बाबांच्या हाताला थोडा आराम द्यायचा, एवढाच विचार होता.

पहिली मोठी ऑर्डर आली देव्हाऱ्याच्या दारांवरच्या कमळाची, आणि तीच बिघडली. लाकूड कोरणारं बिट दर फेरीला केसभर डावीकडे सरकत गेलं, प्रत्येक पाकळीला दोन दोन कडा दिसायला लागल्या. सागवानाच्या दोन फळ्या वाया गेल्या. ज्याच्याकडून मशीन घेतलं तो फोन उचलेना. तीन रात्री मी कॉम्प्युटरसमोर बसून सेटिंग तपासत होतो. मोटरच्या एका फेऱ्यात 200 स्टेप म्हणजे बारीक टप्पे, मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, एकेका स्टेपचे 16 भाग करतो, म्हणजे 3200. टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल 4 मिलिमीटर सरकतं, म्हणजे मिलिमीटरला 800. सेटिंगमधला हा आकडा पहिल्यापासून बरोबरच होता.

चौथ्या दिवशी बाबा येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘‘झिला, आधी हात लावन बघ.’’ मशीन बंद करून त्यांनी एका हाताने टेबल दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने कपलिंग, म्हणजे मोटर आणि लांब स्क्रू यांना जोडणारी नळी, पिळलं. मोटरच्या गुळगुळीत गोल शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, ते कपलिंग हलकंच घसरलं. त्याला शाफ्टवर पकडून ठेवणारा आतला बारीक ग्रब स्क्रू सैल झाला होता. आम्ही कानशीने शाफ्टवर थोडी सपाट जागा केली, लोखंडाचा कीस मोटरमध्ये जाऊ नये म्हणून भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि स्क्रू त्या सपाटीवर घट्ट आवळला. त्या संध्याकाळी कमळ जसं हवं तसं उतरलं. आमच्या धंद्याचं खरं वळण तेच.

त्यानंतर प्रत्येक बिघाड आधी हाताने तपासायचा, हा नियमच झाला. काम संपल्यावर बिट शून्यावर आणायचं. ते मूळ खुणेवर येत नसेल तर कुठेतरी घसरतंय, नाहीतर मोटर स्टेप चुकवतेय. मग कपलिंग बघा, अडकलेला भुसा बघा, वेग कमी करा. शून्य बरोबर येतं पण वर्तुळावर चार ठिकाणी, जिथे टेबल दिशा बदलतं तिथे, बारीक पायरी पडते? मग लांब स्क्रू आणि त्यावर फिरणारा पितळी नट यांच्यात खेळ, म्हणजे सैलपणा, आहे. आमच्या मशीनचा खेळ डायल गेज, म्हणजे बारीक अंतर मोजणारं काट्याचं माप, लावून मोजला तर 0.3 मिलिमीटर निघाला. मोठ्या अक्षरांच्या पाटीवर तो नजरेत येत नाही, पाकळीवर मात्र लगेच खुपतो. स्प्रिंगवाला दुहेरी नट बसवला नि तो प्रश्न मिटला.

कोकणातला पावसाळा हा वेगळाच विषय. जूनमध्ये स्क्रूवर तांबूस गंज धरतो, म्हणून लोक हात सैल सोडून ग्रीस लावतात. त्यात भुसा बसला की त्याचा लगदा होतो आणि तोच नट घासून खातो. आम्ही स्क्रू ब्रशने स्वच्छ करतो, फडक्याने पुसतो आणि हलक्या तेलाचा नुसता हात फिरवतो. आठवड्यातून एकदा, न चुकता. बिट पकडणाऱ्या कोलेटमधला भुसाही तेव्हाच काढतो. तिथे कण अडकला की बिट डुगडुगतं आणि कड फाटकी येते.

हळूहळू ओळखीचे लोक आपली मशीनं घेऊन यायला लागले. सावंतवाडीहून, वेंगुर्ल्याहून, मग गोव्यातूनही. 2021 मध्ये पडवी सोडून बाजारात गाळा घेतला. आज निम्मं काम देव्हाऱ्यांचं नि निम्मं दुरुस्तीचं. लोक व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतात. मी आवाज मोठा करून आधी डोळे मिटून ऐकतो. अडकलेल्या मोटरची घरघर आणि कोरड्या स्क्रूची करकर वेगळी कळते.

मशीन परत देताना कपलिंग आणि शाफ्ट यांच्यावरून मार्करने एकच सरळ रेघ मारून देतो. ती तुटलेली दिसली की समजायचं, कपलिंग घसरलंय. गेल्या महिन्यात एका काकूंचा फोन आला. त्या घरी रांगोळीचे लाकडी साचे करतात. म्हणाल्या, ‘‘दादा, रेघ तुटली हो, दोन तुकडे झालेत.’’ ॲलन की कुठे लावायची ते फोनवर सांगितलं. दहा मिनिटांत त्यांनी साच्याचा फोटो पाठवला.