बॅटरी बदलली आणि गाडी शिकलेलं विसरली

पावसाळा लागता लागता गाडीची बॅटरी बसली. नवी घातली, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एसी चालू असताना क्लच दाबला की इंजिन बंद! मेस्त्री म्हणाले, "टर्मिनल परत काढून ठेवूया, रिसेट होईल." मी नको म्हटलं. टर्मिनल काढल्यानेच तर माझ्या गाडीच्या ईसीएमची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, आठवण पुसली होती. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडा ठेवायचा, पेट्रोल किती कमी-जास्त करायचं, हे ईसीएम चालता चालता शिकत असतं. परत काढलं की परत शून्यापासून.

डॅशबोर्डखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावला. एरर कोड एकही नाही, पण कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा), ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आणि इव्हॅप (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) या तिन्हींच्या तपासणीपुढे 'अपूर्ण'. म्हणजे ड्राइव्ह सायकल, या तपासण्या पुऱ्या होतील अशी ठरावीक पद्धतीची फेरी, करायलाच हवी.

पहिली खेप फुकट गेली, कारण आदल्या संध्याकाळी मी टाकी फुल केली होती. इव्हॅपची तपासणी टाकी साधारण पाव ते पाऊण असतानाच होते. तीन दिवस तशीच वापरून पेट्रोल खाली आणलं.

मग पाऊस उघडलेला बघून एका पहाटे, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायच्याही आधी, स्टार्टर मारला. गाडी रात्रभर उभी होती. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) 27 अंश, आत येणारी हवा 26. इंजिन असं पूर्ण गार हवंच. तीन मिनिटं नुसतं आयडल, मग कोलवाळचा पूल ओलांडून पत्रादेवीच्या दिशेने एकसारखा 80 चा वेग, ॲक्सिलरेटरवरचा पाय न हलवता.

खरी कसोटी पुढे. मागे कोणी नाही हे आरशात बघून ॲक्सिलरेटर सोडला. गाडी गिअरमध्येच, ब्रेक-क्लचला पाय नाही. इंजिनाला जाणारं पेट्रोल तुटलं आणि इतका वेळ 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये नाचणारा पुढचा ऑक्सिजन सेन्सर झपकन शून्याजवळ आला. सेन्सर जिवंत आहे की नाही, हे ईसीएमला अशा वेळीही कळतं. वेग 40 वर येईपर्यंत थांबलो, परत 80. असं चार वेळा. मागून ट्रक दिसला की बेत सोडून द्यायचा. रस्त्यावरच्या माणसांपेक्षा ही तपासणी मोठी नाही.

परतताना दोन 'पूर्ण' झाले. इव्हॅपला आणखी दोन पहाटा लागल्या.

पुढच्या शुक्रवारी त्याच बाजारात, एसी चालू ठेवून क्लच दाबला. आरपीएमचा काटा जरा खाली गेला आणि 800 वर येऊन थांबला.